शरणपूरचा पत्ता

लिहिता आलं तेव्हापासून हाच पत्ता लिहितोय,
रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर, मुलीच्या दाखल्यावर:
शरणपूर, नाशिक.
शरण हा शब्द रोज हातून गेला,
अंगात कधी उतरला नाही.

नोटांच्या कारखान्यात मी परीक्षक होतो, प्रभू.
एकतीस वर्षं चुका शोधल्या.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला, कडा केसभर तिरकी,
अंगठा फिरवला की कळायचं.
मग घरीही तेच.
तांदूळ, लाईटबिल, पाळकसाहेबांचा उपदेश,
थोरलीला सांगून आलेला मुलगा,
सगळं आधी अंगठ्याखाली.
तुलाही मी असाच
तपासून घेत होतो.

तबिथा नर्सिंग पास झाली
आणि एकाच आठवड्यात दोन पत्रं आली.
एक कुवेतचं. दुसरं
सुरगाण्यापलीकडच्या बारा खाटांच्या दवाखान्याचं,
हातानं लिहिलेलं,
पगाराचा आकडा खोडून कमी केलेला.
मी रजिस्टरच्या पानावर मधोमध रेघ मारली.
विमानभाडं, घराचा हप्ता, मार्थाचे गुडघे, पोरीचं लग्न.
बेरीज दोनदा केली,
दोनदा कुवेतच आलं.
रात्री पलंगाशी गुडघे टेकून
ते पान तुझ्यापुढे ठेवलं.
ती प्रार्थना नव्हती,
सहीसाठी वर पाठवलेली फाईल होती.

तू सही केली नाहीस.

सकाळी पोहे खाताना ती म्हणाली,
"पप्पा, मी सुरगाण्याला जाते."
का, विचारलं, तर म्हणे, "नीट सांगता येत नाही.
पण कुवेतचं नाव घेऊन प्रार्थनेला बसले
की शब्दच येत नाहीत."
हे काय कारण झालं?
मी आवाज चढवला.
मार्थानं काही न बोलता डब्यात चिवडा भरला,
टॉर्चला नवे सेल घातले.
तिला आधीच कळलं होतं बहुधा.
बायकांना तू आधी सांगतोस का?

वणी गेलं तरी एसटीत मी तोंड उघडलं नाही.
घाटात ती माझ्या खांद्यावर झोपली.
उतरताना तिची पेटी मीच उचलली,
जड होती,
रागाला दुसरा हात उरला नाही.

चार वर्षं झाली.
कुवेतचं ते रुग्णालय बंद पडलं नाही.
तिच्या दोन मैत्रिणी तिथंच आहेत, सुखात आहेत,
एकीनं इंदिरानगरात फ्लॅट घेतला.
तिथं काही वाईट घडलं असतं
तर मंडळीपुढे साक्ष द्यायला सोपं गेलं असतं
(असं मनात आलं, क्षमा कर).
गेल्या रविवारी उभा राहिलो,
चष्मा पुसला,
बसलो.

काय सांगणार होतो?
की नाताळाआधी तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा
दवाखान्याच्या पायरीवर एक म्हातारी
तबिथा हे नाव जिभेवर बसेना म्हणून
तिला "आमची, ए आमची" अशी हाक मारत होती.
एवढंच.
हे डाव्या रकान्यात लिहायचं की उजव्या,
मला समजलं नाही.

कारखान्यात नवशिक्यांना मी सांगायचो,
जलचिन्ह कागदावर नजर रोखून दिसत नाही रे,
कागदामागे उजेड लागतो.
दर बॅचला सांगायचो.
पोरं वहीत उतरून घ्यायची,
मी चहाला जायचो.

काल ते पान सापडलं.
खिडकीशी धरलं.
साधा कागद, त्यात कसलं जलचिन्ह,
मागच्या बाजूचा किराण्याचा हिशेब उलटा दिसला.
बेरीज पुन्हा केली.
बरोबर आहे, प्रभू, अजूनही बरोबर आहे.
पान फाडलं नाही. घडी घालून
स्तोत्रांच्या पुस्तकात ठेवलं,
तुझ्याजवळ असू दे.

आज पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरायला बसलो.
नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली.
पत्त्याच्या ओळीवर
'शरण'
एवढं लिहून हात थांबला.
बाहेर रिक्षावाला कोणाशी तरी सुट्ट्यांवरून भांडत होता.
मार्थानं विचारलं, "काय झालं?"
काही नाही म्हटलं,
आणि बऱ्याच वेळानं
पुढचं 'पूर' लिहिलं.